चढणीचे पाणी

ज्येष्ठाच्या आरंभी, जेव्हा आपल्या मुलखातील बहुतेक नद्यांचे पात्र वाळूचे आणि धोंड्यांचे होऊन राहते, विहिरींचे तळ दिसू लागतात आणि माणसे मृगाकडे डोळे लावून बसतात, नेमक्या त्याच दिवसांत दक्षिण काश्मीरातील लिद्दर ही नदी दोन्ही तीर भरून, दुधात राख कालवावी अशा रंगाने, पहलगामच्या पुलांखालून गर्जत खाली धावत असते. पावसाचा एक थेंबही न पडता आलेला हा पूर असतो. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, देवदारांच्या माथ्यावर ढगाचे चिन्ह नाही, आणि पाणी मात्र घटकेघटकेला चढते आहे, हा देखावा पर्जन्यावर पोसलेल्या दख्खनी डोळ्यांना प्रथमदर्शनी न उमगणारा आहे. हिवाळाभर शिखरांवर साठलेले हिम उन्हाने सुटू लागले की मेच्या मध्यापासून जुलैच्या आरंभापर्यंत ही नदी आपल्या ऐन भरात असते. आणि नेमक्या याच दिवसांत, शाळांना सुट्या असल्यामुळे, महाराष्ट्रातून आलेल्या प्रवाशांची तिच्या काठी दाटी असते. त्यांतले बहुतेक जण पाण्यात पाय बुडवून, छायाचित्रे काढून परत जातात. काही थोडे मात्र हातात लांब, लवचीक काठी आणि खिशात सरकारी परवाना घेऊन येतात. या लेखाचा विषय ते, त्यांचा मासा, आणि त्या माशाच्या सावलीत राहून गेलेला दुसरा एक मासा हा आहे.

लिद्दरचे मूळ दुहेरी आहे. पूर्वेकडील शाखा अमरनाथच्या वाटेवरील शेषनाग सरोवरातून निघते. पश्चिमेकडील शाखा कोलाहोई हिमनदीच्या पायथ्यापासून लिद्दरवट आणि आरू येथील कुरणांवरून उतरते. दोहींचा संगम पहलगामला होतो, आणि तेथून मटण व अनंतनाग यांच्या आसमंतातील भातखाचरांना पाणी पुरवीत ही नदी पुढे झेलमला मिळते. मध्यान्हीच्या उन्हाने हिमनदीवरून सुटलेले पाणी इतके अंतर तोडून पहलगामला पोचेतो दिवस कलतो; त्यामुळे जूनमध्ये या नदीला एक दैनिक क्रम लागून राहतो. रात्री ती फुगते, पहाटे ओसरते, सकाळी तिचे पाणी त्यातल्या त्यात निवळते आणि दुपार उलटली की पुन्हा गढूळ होऊ लागते. ज्याला गळ टाकायचा त्याने हा क्रम पाठ केला पाहिजे, कारण ज्या धोंड्यावर सकाळी तो कोरड्या पायांनी उभा होता, तोच धोंडा सायंकाळी पाण्याखाली जाणार असतो.

हे परवानेवाले ज्याच्यासाठी येतात तो ट्राउट मासा मुळी काश्मीरचा नव्हे. काश्मीर दरबारच्या जमाबंदीचे काम केलेल्या वॉल्टर लॉरेन्स यांनी त्या प्रांतावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ १८९५ मध्ये छापला, तेव्हा त्या दरीतील एकाही प्रवाहात ट्राउट नव्हता. महाराजा प्रतापसिंहांच्या कारकिर्दीत, १८९९ साली, बेडफर्डच्या ड्यूकने नजराणा म्हणून या माशाची दहा हजार अंडी विलायतेहून पाठविली. ती सारी वाटेतच नासली. आगबोट, आगगाडी आणि मग घोडागाडीचा डोंगरी रस्ता असा तो प्रवास होता, आणि जो जीव थंड पाण्यावाचून जगतच नाही त्याला तांबड्या समुद्राच्या उष्ण हवेतून आणणे हे धाडसच होते. परंतु श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालविणारे फ्रँक मिचेल या गृहस्थांनी तो उद्योग सोडला नाही. १९०० च्या डिसेंबरात स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप जिवंत पोचली. त्यातील काही पिल्ले दाचीगामजवळच्या पंझगामला आणि काही खुद्द मिचेल यांच्या कारखान्याच्या परिसरात वाढविण्यात आली. पुढे हारवानला उबवणी केंद्र उभे राहिले, दरबाराने मत्स्यविषयक स्वतंत्र खाते काढले आणि मिचेल त्याचे पहिले प्रमुख झाले. काश्मीरच्या या अंड्यांवरच १९०९ च्या सुमारास कुलूच्या दरीत, बियास नदीच्या खोऱ्यात, ट्राउटची नवी वसाहत बसली. आज लिद्दर, सिंध, ब्रिंगी या नद्यांत जो तपकिरी ट्राउट खेळतो, ज्याच्या कुशीवरचे तांबडे ठिपके फिकट वर्तुळांनी वेढलेले दिसतात, तो त्या पाहुण्यांचा वंशज होय. इंद्रधनुषी ट्राउट, ज्याच्या अंगावर गुलाबी पट्टा असतो, तो त्याच्या मागाहून आला आणि आज कोकरनागच्या मोठ्या केंद्रात मुख्यतः त्याचीच पैदास होते.

ज्या अर्थी हा मासा दरबाराच्या हुकुमाने आला, त्या अर्थी त्याचे जिणेही प्रथमपासून कायद्याच्या छत्राखाली गेले. नदीचे काही किलोमीटरांचे तुकडे पाडून प्रत्येकास ‘बीट’ असे नाव दिलेले आहे. एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत हंगाम असतो. बीटचा परवाना मत्स्य खात्याच्या कचेरीतून घ्यावा लागतो. जिवंत आमिषाला मनाई असते. दिवसाला सहाहून अधिक मासे ठेवता येत नाहीत, आणि ठरावीक लांबीहून लहान मासा पाण्यात परत सोडावा लागतो. ऑक्टोबरपासून नदी बंद होते, कारण तपकिरी ट्राउट हिवाळ्याच्या तोंडी, पाणी ओसरून थंड आणि नितळ झाले म्हणजे, गोट्यांच्या तळात खळगे करून अंडी घालतो. काठावर खात्याचा राखणदार फिरत असतो. त्याला तिकडे इंग्रजी ‘वॉचर’ याच नावाने ओळखतात. शंभराहून अधिक वर्षे, राजवटी बदलल्या, सरहद्दी बदलल्या, तरी या दप्तराचा शिरस्ता बहुतांशी अबाधित राहिला आहे.

गळ टाकणे हा साहेबी छंद आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे; ती सर्वस्वी खरी नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर, ज्याच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग होता, त्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या कोशवजा संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना ‘मत्स्यविनोद’ असे एक संपूर्ण प्रकरण घातले आहे. मराठी वाचकांना हा ग्रंथ परिचित आहे तो महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात या त्यातील उल्लेखामुळे. परंतु त्याच ग्रंथात माशांच्या सुमारे ३५ जाती, त्यांचे वसतिस्थान, कोणत्या जातीला कोणते खाद्य घालून माणसाळवावे, दोरी कशी असावी, मासा गळाला लागल्यावर त्याला कसे थकवावे, याचेही विवेचन आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर शोधनिबंध लिहून विद्वानांचे लक्ष तिकडे वेधले. माशाच्या स्वभावाचे आधी निरीक्षण करावे आणि मग दोरी टाकावी, हा सोमेश्वराचा दंडक लिद्दरच्या काठी आजही जसाच्या तसा लागू आहे.

फरक आहे तो आमिषाचा. ट्राउटसाठी वापरतात ती ‘फ्लाय’, म्हणजे पिसांची आणि रेशमाची कृत्रिम माशी. या युक्तीचा सर्वांत जुना उल्लेख रोमन काळातील ग्रंथकार एलियन याच्या लेखनात येतो; मॅसिडोनियातील लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याच्या मानेची पिसे बांधतात, असे तो सांगतो. आजही कृती तीच आहे. पहलगामला आमच्याबरोबर असलेले वाटाडे, ज्यांना तिकडे ‘शिकारी’ म्हणतात परंतु ज्यांच्या हातात बंदूक कधी नसते, सकाळच्या चहाबरोबर माशा बांधीत बसत. साठी उलटलेले हे गृहस्थ आम्हांला ‘जनाब’ म्हणत आणि आम्ही त्यांना ‘चाचा’. बारीक गळ लहानशा पकडीत घट्ट धरून ते त्यावर आधी शिशाच्या तारेचे वेढे देत, मग काळ्या रेशमी दोऱ्याने ती तार जखडून टाकीत, मग मोरपिसाच्या एका तंतूचे वेढे देत, ज्यामुळे माशीच्या अंगाला किड्याच्या पाठीसारखी हिरवट, तांबूस झाक येई, आणि सरतेशेवटी कोंबड्याच्या मानेचे एक मऊ पीस डोक्यापाशी दोनदा फिरवून गाठ मारीत. सारे काम पाचेक मिनिटांचे. पाण्यात भिजवून त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली, तेव्हा पीस अंगाला चिकटून असा काही आकार झाला, की क्षणभर हात झटकावासा वाटला.

ही माशी फेकण्याची रीतही न्यारी आहे. नेहमीच्या गळाला शिसे बांधलेले असते आणि त्याच्या वजनाने दोरी लांब जाते. इथे माशीला, तारेचे वेढे दिले तरी, दोरी ओढून नेण्याइतके वजन नसते, म्हणून दोरीच जाड आणि वजनदार करतात, काठी मागेपुढे झुलवून त्या दोरीचा हवेत एक वळसा उलगडतात, आणि टोकाच्या पारदर्शक नायलॉनच्या धाग्याबरोबर माशी अलगद पाण्यावर उतरते. चित्रांत आणि चित्रपटांत दिसते ते हे दृश्य, हवेत डौलाने फिरणाऱ्या लांबच लांब दोरीचे. परंतु जूनमधली लिद्दर असल्या डौलाला वाव देत नाही. पाणी इतके गढूळ असते की पृष्ठभागावर तरंगणारी माशी माशाला दिसत नाही, आणि इतके वेगवान असते की दोरी टेकताक्षणी ओढली जाते. म्हणूनच या दिवसांत आलेले हौशी लोक बहुधा निराश होतात, हॉटेलात परततात, आणि नदीत मासे उरले नाहीत अशी वार्ता पसरवितात.

मासे असतातच, फक्त ते आपली जागा बदलतात. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून राहतो आणि पाणी जे वाहून आणील ते खातो. त्याचा सारा व्यवहार जमाखर्चाचा आहे. प्रवाहात टिकून राहण्यासाठी जितकी शक्ती वेचावी लागते तीहून अधिक पोषण जिथे मिळेल तिथेच तो थांबतो. जिथे ताळेबंद तोट्याचा होतो ती जागा तो सोडतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. त्यामुळे हिमजलाचा लोंढा आला म्हणजे नदीचा मध्यभाग माशापुरता उजाड होतो, आणि काठालगतच्या, माणूस ओलांडून पुढे जातो अशा हातभर रुंदीच्या संथ पट्ट्यात मासे येऊन राहतात. मोठ्या धोंड्याच्या पुढे पाणी आपटून जिथे क्षणभर थबकते तिथे, धोंड्याच्या मागील भोवऱ्याच्या कडेला, काठांवरच्या विलोच्या पाण्यात लोंबणाऱ्या मुळांखाली, आणि विशेषतः तळाशी, कारण गोट्यांच्या घर्षणामुळे तळालगतचे पाणी वरच्यापेक्षा मंद असते. म्हणून माशी जड करून तळापर्यंत पोचविणे, दोरी आखूड ठेवणे, आणि पाण्यात न उतरता काठावरूनच, किंबहुना काठापासून एक पाऊल मागे राहून, गळ टाकणे हीच या हंगामाची विद्या होय.

चाचांनी ही विद्या फारसे न बोलता दाखविली. आरूच्या रस्त्याला लागून एके ठिकाणी प्रवाह वळतो. बाहेरच्या अंगाला लाटांचे तांडव, आतल्या अंगाला विलोच्या दोन मुळांमध्ये परातीएवढे निवांत पाणी. त्यांनी गुडघ्यांवर बसून काठी पुढे केली, काठीच्या टोकापासून जेमतेम दोन हात दोरी पाण्यात सोडली, आणि माशी वाहत येईल तसतशी काठी तिच्याबरोबर नेली. दोरी एका जागी किंचित अडखळली. त्यांनी मनगट उचलले, आणि मुळांखालून पिवळसर झाक मारीत एक मासा बाहेर येऊन प्रवाहाच्या दिशेने झेपावला. काठी कमानीसारखी वाकवून त्यांनी त्याला मोठ्या पाण्यात जाऊ दिले नाही. काही क्षणांतच तो जाळीत आला. दीड वीत लांबीचा, पाठ ऑलिव्ह हिरवी, पोट लोण्याच्या रंगाचे. हात ओले करून, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्यातून रोग शिरतो, त्यांनी गळ सोडविला, मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरला, आणि त्याचे कल्ले नीट हलू लागताच मोकळा केला. गळाची उलटी नांगी त्यांनी आधीच पकडीने दाबून बोथट केली होती.

पहलगामबद्दल लिहिताना २२ एप्रिल २०२५ चा उल्लेख टाळता येत नाही. बैसरनच्या कुरणावर त्या दिवशी जी २६ माणसे मारली गेली, त्यांत सहा महाराष्ट्रातली होती. डोंबिवली, पुणे आणि पनवेल येथील घरांवर तो घाला पडला. त्या दुःखासमोर छंदाची भाषा थिटी आहे, आणि तिने तिथे गप्प राहावे हेच योग्य. नमूद करायचे ते एवढेच, की त्या हत्याकांडानंतर प्रवासी आटले तेव्हा घोडेवाले, वाटाडे आणि माशा बांधणारे हातही रिकामे झाले.

आता त्या दुसऱ्या माशाकडे वळू. ट्राउट येण्यापूर्वीही काश्मीरच्या नद्या रिकाम्या नव्हत्या. काश्मिरीत माशाला ‘गाड’ म्हणतात. पौषात काश्मिरी पंडितांच्या घरी घरदेवतेला मासा आणि भात यांचा नैवेद्य दाखवितात त्या विधीचे नावच ‘गाडबत्त’ असे आहे. हा विधी ट्राउटहून कितीतरी जुना. त्यातला मासा म्हणजे ‘कॉशर गाड’, म्हणजे काश्मिरी मासा, कार्पच्या कुळातला, बारीक खवल्यांचा, थंड पाण्याला सरावलेला. इंग्रजांनी त्याला ‘स्नो ट्राउट’ असे नाव दिले खरे, पण ट्राउटशी त्याचे नाते नाही. आणि या दोहोंच्या स्वभावातला सर्वांत मोठा भेद पुरासंबंधीचा आहे. ट्राउट पाणी उतरल्यावर वितो. कॉशर गाड पाणी चढू लागले की वितो. वसंतापासून ग्रीष्मारंभापर्यंत हिमजल वाढू लागताच तो झेलममधून वर निघतो, लिद्दरसारख्या नद्यांत शिरतो, आणि तिथून बाजूच्या नितळ ओढ्यांत जाऊन गोट्यांमध्ये अंडी घालतो. ज्या पाण्याला परवानाधारक हंगामाचा व्यत्यय समजून बोल लावतात, ते पाणी या माशाच्या वंशाचा मुहूर्त असते.

खालच्या अंगाला, एक झऱ्याचा ओढा लिद्दरला मिळतो त्या तोंडाशी चाचांनी मला उभे केले. झऱ्याचे पाणी काचेसारखे, नदीचे राखी. दोहोंच्या मधली रेषा आखून दिल्यासारखी. त्या रेषेच्या अलीकडे, पोटरीभर खोल पाण्यात, करड्या पाठींचे मासे ओळीने उभे होते. त्यांतल्या नरांच्या नाकाडावर पांढरे खरखरीत दाणे उठलेले स्पष्ट दिसत होते. विणीच्या काळात या जातीला असे दाणे येतात. चाचांनी काठी खाली ठेवली. या पाण्यात त्यांच्या लहानपणी इतके मासे चढत, की ओढा ओलांडताना ते पायांना लागत, असे ते म्हणाले. आता रात्री कोणी ब्लीचिंग पावडर टाकून जातो, कोणी विजेची तार सोडतो, आणि सकाळी लहानमोठे सगळे पालथे तरंगतात. “ट्राउटसाठी वॉचर आहे, जनाब,” ते म्हणाले, “याच्यासाठी कोण आहे?”

प्रश्न सोपा आहे आणि त्याचे उत्तर अवघड. ट्राउट आणणे ही चूक होती, असे मी म्हणणार नाही. त्याने शेकडो कुटुंबांना रोजगार दिला आणि, जे अधिक महत्त्वाचे, त्याच्या निमित्ताने सरकारला नद्या राखण्याची सवय लागली. परंतु तपकिरी ट्राउट हा मांसाहारी आहे, देशी माशाची पिल्ले खातो, जागा बळकावतो, आणि देशी जाती घटण्याच्या कारणांत अभ्यासक त्याचीही गणना करतात. पाहुण्याला पाटावर बसवून घरच्याला ओसरीत ठेवण्याचा हा न्याय शतकभर चालला आहे. त्यातच कोलाहोई हिमनदी झिजते आहे. हिम कमी झाले की ज्येष्ठातला पूरही ओसरेल, आणि नदी वर्षभर संथ वाहू लागली तर गळवाल्यांची सोय होईल कदाचित, पण ज्याचा मुहूर्तच चढत्या पाण्यावर अवलंबून आहे त्या माशाचे काय?

हा प्रश्न काश्मीरचा म्हणून आपल्याला दूर ठेवता येणार नाही, कारण ‘चढणीचे मासे’ हा शब्द कोकणातल्या कोणत्याही पोराला ठाऊक असतो. मृगाचा पहिला पाऊस पडून ओढे वाहू लागले, की नदीतले मासे गाभोळीने भरलेल्या पोटांनी भातखाचरांकडे चढू लागतात, आणि गावोगाव माणसे जाळी, टोपल्या, पाती घेऊन त्यांच्या वाटेत उभी राहतात. समुद्रावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तिच्यामागचे एक मुख्य कारण माशांच्या विणीचा काळ हे आहे, आणि नारळी पौर्णिमेची जुनी चाल त्याच शहाणपणाची साक्ष देते. ओढ्यावर मात्र ती राखण नाही. तिथे विणीला निघालेला मासा हाच सर्वांत चविष्ट समजला जातो. आपल्यालाही राखण जमत नाही असे नव्हे. महाडजवळ वाळण कोंडीत वरदायिनीच्या नावाने महसीर पिढ्यान् पिढ्या राखले गेले आहेत, जसे लिद्दरच्या खोऱ्यातच मटणच्या कुंडातील मासे देवाचे म्हणून कोणी धरीत नाही. जिथे देवाची आण आहे तिथे मासा वाचला, जिथे खात्याचा परवाना आहे तिथे मासा वाचला; जिथे दोन्ही नाहीत तिथे तो आपल्या भरवशावर आहे.

म्हणून लिद्दरवर जाणाऱ्यांना माझे सांगणे असे, की परवाना रीतसर घ्यावा, उलटी नांगी दाबावी, जूनमध्ये बाजूच्या नितळ ओढ्यांत पाऊल घालू नये, आणि मत्स्य खात्याच्या नोंदवहीत अभिप्राय लिहिण्याची वेळ आली तर ट्राउटबरोबर कॉशर गाडलाही राखणदार द्या एवढे एक वाक्य लिहावे. आणि जे कुठेही जाणार नाहीत, त्यांच्यासाठी विनंती याहून सोपी आहे: येत्या मृगात बाजारात कोणी चढणीचा, गाभोळीचा मासा पुढे केला, तर तो घेऊ नका.